व्होटावाबाईंच्या जेवणघरातली तहकूब सभा

लोवेल टॉर्गरसनने एका वाक्यात सहा शब्द घालायचं ठरवलं, तेव्हा हे काम मंगळवारपर्यंत आटपेल असा त्याचा अंदाज होता. तो दिवस म्हणजे फेब्रुवारीतला एक रविवार. मंगळवार आला आणि गेला. त्यानंतर आणखी सतरा मंगळवार गेले.

वाक्य राज्याच्या वकील संघटनेच्या नियमावलीतलं होतं. साठ वर्षं अखंड वकिली केलेल्या सभासदाला त्या वर्षीच्या वार्षिक सभेत, तो जातीने हजर असल्यास, सुवर्णपदक द्यावं, असं ते वाक्य. 'जातीने हजर' ही अट १९५४ साली घातली गेली होती. त्या वर्षी एका सभासदाच्या जावयाने सासऱ्याच्या वतीने पदक घेतलं आणि ते सासऱ्यापर्यंत कधीच पोचलं नाही. जावईही वकील होता, त्यामुळे प्रकरण नऊ वर्षं चाललं.

बेकर्स फोर्क गावात दोन वकील. एक लोवेल आणि दुसऱ्या युनिस व्होटावा, वय पंच्याऐंशी. अख्ख्या परगण्यात पहिल्यांदा वकिलीची सनद घेतलेली बाई त्याच. सनद १९२९ ची, म्हणजे या वर्षी साठ पूर्ण. लोवेल एकदा परीक्षेत नापास होऊन आला होता तेव्हा त्याला त्यांनी कचेरीत ठेवून घेतलं, त्याला आता एकतीस वर्षं झाली. या एकतीस वर्षांत त्यांनी त्याला एकदाही 'छान' म्हटलं नव्हतं. ते त्याने मोजलं होतं.

जानेवारीत कोर्टाच्या पायरीवरच्या बर्फावरून बाई घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. अर्ध्या तासापेक्षा जास्त गाडीत बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. राजधानी दोनशे नव्वद मैलांवर. पुढच्या वर्षीपर्यंत थांबावं, तर तोवर एकसष्ट वर्षं होणार, आणि एकसष्ट वर्षांना संघटना काहीही देत नाही.

"मला नकोच ते," बाई म्हणाल्या. "पत्र्याचा तुकडा." मग वर्तमानपत्राचं पान उलटत म्हणाल्या, "सभा कधी आहे म्हणालास?"

"नऊ जून, बाई."

"असेना का."

तासाभराने त्यांनी पुन्हा तारीख विचारली. निघताना, दार लावून घे म्हणायच्या ऐवजी, तिसऱ्यांदा विचारली. लोवेलने घरी जाऊन नियमावली उघडली, पेन्सिलीने एक खूण केली आणि समासात लिहिलं: 'किंवा प्रकृती ठीक नसल्यास राहत्या गावी.' सहा शब्द. आपल्या हस्ताक्षराकडे त्याने जरा कौतुकानेच पाहिलं.

"एवढ्यासाठी नियम बदलायचा?" त्याची बायको आर्डिस म्हणाली. "पदक पोस्टाने मागव, बाईंच्या झग्याला टाच, फोटो काढ. कोण बघायला येतंय?"

"आर्डिस, ते नियमबाह्य आहे."

"तू रविवारी गवत कापतोस तेही नियमबाह्यच आहे."

"त्या नियमात 'शक्यतो' हा शब्द आहे," लोवेल म्हणाला. या माणसाशी संसार करणं म्हणजे काय असेल, याची वाचकांना कल्पना यावी.

त्याने संघटनेच्या कार्यवाह विल्मा ड्रेयर यांना पत्र लिहिलं. विल्मा स्वतः वकील नव्हत्या, त्यामुळे संघटना चालत होती. त्यांचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. नियमदुरुस्तीसाठी पंचवीस सभासदांच्या सह्या लागतात, त्या किमान पाच जिल्ह्यांतल्या हव्यात, आणि सगळं सभेच्या साठ दिवस आधी पोचायला हवं. तळाशी त्यांनी शाईने लिहिलं होतं: 'बाईंना माझा नमस्कार सांगा. शुभेच्छा. त्या लागतील.'

गावाला हे कळायला वेळ लागला नाही. सकाळी सहा वाजता डॉटीच्या कॅफेत जे टेबल भरतं, त्यापुढे राज्याचं विधिमंडळ म्हणजे पोरखेळ. पेंड आणि खत विकणारा मर्ल त्या टेबलाचा तहहयात अध्यक्ष.

"वकील, सरळ विचार करा," मर्ल म्हणाला. "माझ्या ट्रकमध्ये गादी टाकू. गादीवर बाई. वर ताडपत्री. पाच तासांत राजधानी."

"मर्ल, त्या पंच्याऐंशी वर्षांच्या आहेत."

"म्हणून तर ताडपत्री म्हणतोय."

दुसरा म्हणाला, अँब्युलन्सने न्या. तिसरा म्हणाला, दर अर्ध्या तासाने थांबत गेलं तर डॉक्टरांचा शब्द मोडत नाही. वेग आणि अंतर धरून लोवेलने मनातल्या मनात हिशेब केला. दहा थांबे, प्रत्येक थांबा वीस मिनिटांचा. आणि पहिल्याच थांब्यावर बाई काय बोलतील, याचा हिशेब त्याने केला नाही.

तो सह्या गोळा करायला निघाला. पहिला सभासद शेजारच्या गावचा, एल्मर स्ट्रँड. एल्मरने मसुदा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"सही करतो. आनंदाने करतो. फक्त 'प्रकृती ठीक नसल्यास' म्हणजे कोणाच्या मते?"

"म्हणजे?"

"सर्दीसुद्धा ठीक नसणंच आहे. 'डॉक्टरच्या दाखल्यानुसार' घाल."

लोवेलने घातलं. रास्त होतं. दुसरा वकील म्हणाला, कसला डॉक्टर? माझा मेहुणा गुरांचा डॉक्टर आहे, तोही दाखला देईल. तिसऱ्याने विचारलं, राहती गावं दोन असली तर? चौथ्याला चिंता, सभासद तुरुंगात असेल तर तुरुंग हे राहतं गाव धरायचं का. त्याच्या मनात नेमका कोण होता, हे त्याने सांगितलं नाही. पाचव्याने 'दोन प्रतिनिधींच्या हस्ते' असं घालायला लावलं, कारण एका प्रतिनिधीवर १९५४ नंतर विश्वास कसा ठेवायचा.

बाविसाव्या सहीला मसुदा एकशे चौऱ्याऐंशी शब्दांचा झाला होता. त्याच संध्याकाळी, घरी गाडी लावताना, लोवेलच्या लक्षात आलं की बावीस माणसांनी बावीस वेगवेगळ्या मसुद्यांवर सह्या केल्या आहेत.

तो इंजिन बंद न करता बराच वेळ बसून राहिला. आर्डिस स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती.

"कोणी मेलं का?" तिने खिडकी उघडून विचारलं.

"नाही."

"मग आत ये. बटाटे गार होतायत."

दुसऱ्या फेरीत त्याने एकच युक्ती केली. मसुदा हातात द्यायचा, आणि माणसाने खिशातलं पेन काढलं की आपलं पुढे करायचं. त्यात शाई सहीपुरतीच होती. अकराशे मैल गाडी चालवून, दहा एप्रिलला दुपारी चार वाजता, पंचवीस सह्यांचा कागद फॅक्स मशीनमध्ये घातला. मशीन परगण्यात नवीन होतं. त्याने कागद अर्धा गिळला आणि विचारात पडलं. चार वाजून पन्नास मिनिटांनी विल्मांचा फोन आला.

"टॉर्गरसन साहेब, सह्या पोचल्या. ठराव नाही पोचला."

"मग आता?"

"वाचून दाखवा. मी लिहून घेते."

"एकशे चौऱ्याऐंशी शब्द आहेत."

"दहा मिनिटं आहेत. बोला भराभर."

जूनची नऊ तारीख उजाडली. राजधानीतल्या हॉटेलच्या दालनात तीनशे बारा वकील जमले. दारात लोवेलला छातीवर लावायचा बिल्ला मिळाला. त्यावर लिहिलं होतं: 'सभासदाचे पती'. नोंदणीचा अर्ज आर्डिसने भरला होता, आणि सभासदाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं होतं. आता अशा प्रसंगी माणसाने काय करावं? बिल्ला लावला तर अपमान, न लावला तर दारातला माणूस आत सोडत नाही. लोवेलने बिल्ला लावला आणि त्यावर कोट ओढून घेतला. जूनमध्ये, बंद दालनात, कोटाची तिन्ही बटणं लावलेला तो एकटाच होता.

त्याची पाळी साडेतीनला आली. ध्वनिक्षेपक त्याच्यापेक्षा वीतभर उंच माणसासाठी लावलेला होता. टाचा उचलून बोलावं लागलं, आणि टाचा उचलल्या की कोट छातीशी फाकून बिल्ला दिसायचा.

पहिल्या रांगेतून थर्लो हेक्ट उभे राहिले. वय सत्तर, गळ्यात ठिपक्यांचा बो, आणि सभाशास्त्रावर राज्यात त्यांच्या तोडीचा माणूस नाही अशी ख्याती. ती त्यांनाही मान्य होती.

"अध्यक्ष महाराज, एक हरकत. सभासदांच्या पतींना ठराव मांडायचा अधिकार आहे का?"

दालन हसून हसून थकलं. अध्यक्ष डेनिस मोलंड भला माणूस. त्यांनी हातोडा आपटला, पण तेही हसतच. लोवेलचे कान पेटले. तो वकील असल्याची ग्वाही विल्मांनी दिली, ती इतिवृत्तात नोंदली गेली, आणि चर्चा सुरू झाली.

चर्चा दोन तास चालली. तिचा सारांश द्यायचा तर हेक्ट साहेबांचं एकच वाक्य पुरे: "आज खुबा आहे, उद्या गुडघा येईल, परवा नुसता कंटाळा! मग सभेला येणार कोण?" त्यावर शेती कायद्याच्या विभागाने उपसूचना आणली, उपसूचनेवर विमा विभागाने उपसूचना आणली. सव्वापाचला कोणी तरी विचारलं की आपण मूळ ठरावावर आहोत की उपसूचनेच्या उपसूचनेवर, आणि हे फक्त हेक्ट साहेबांना ठाऊक निघालं.

साडेपाचला शेजारच्या दालनातून भाजलेल्या मांसाचा वास आला. मेजवानी सहाची होती. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं.

"हे उद्यावर ढकलता येईल?"

"उद्या सभा नाही," हेक्ट म्हणाले. "आज सभा संपली की ठराव मेला. जिवंत ठेवायचा तर सभा तहकूब करावी लागेल, आणि दिवस, वेळ, ठिकाण ठरवूनच तहकूब करावी लागेल. तीच सभा मग तिथे पुढे चालू होते."

"कुठलं ठिकाण?"

आता लोवेल टॉर्गरसन हा शांत माणूस. एकतीस वर्षांत त्याने कोर्टात आवाज चढवला नव्हता. पण दोन तास चवड्यांवर उभं राहिलं की माणसाच्या स्वभावात फरक पडतो.

"व्होटावाबाईंच्या जेवणघरात भरवा!" तो ओरडला. "शनिवारी, चोवीस तारखेला, सकाळी अकराला! म्हणजे त्यांना तरी कळेल, साठ वर्षं कोणत्या लोकांत काढली!"

मागच्या रांगेतून, बहुधा विनोद म्हणून, कोणीतरी म्हणालं, "अनुमोदन."

लोवेलने हेक्ट साहेबांकडे पाहिलं. हेक्ट साहेबांच्या चेहऱ्यावर मोठी ओढाताण दिसत होती. पण शेवटी ते सभाशास्त्राचे होते.

"अध्यक्ष महाराज," ते जड आवाजात म्हणाले, "हा ठराव रीतसर आहे. हा सगळ्यांच्या आधी मताला टाकावा लागतो. आणि आता साडेपाच वाजता कोणाला चर्चा करायची नसेल, तर..."

मांसाचा वास दाट झाला. तीनशे हात वर गेले. त्यातल्या निम्म्यांना आपण कशाला हात वर केला हे सूप संपेपर्यंत कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लोवेल बाईंसमोर बसला होता.

"किती माणसं?" बाईंनी विचारलं.

"कोरम चाळीसचा आहे. तेवढी आली नाहीत तर सभा नाही, ठराव मेला आणि..."

"आणि पदक नाही. कळलं. माझ्या जेवणघरात आठ माणसं मावतात, लोवेल."

"हो, बाई."

"इतिवृत्तात 'जेवणघर' लिहिलंय?"

"हो."

"'घर' म्हणाला असतास तर अंगण तरी वापरता आलं असतं." त्यांनी काठी उचलली. "पडदे धुवायला टाकायला सांग आर्डिसला. जाताना पायपुसणं झटक."

खोली चौदा फूट बाय बारा. टेबल आठ बाय चार, आणि दारातून निघेना. बाईंच्या वडिलांनी ते खोलीतच बनवलं होतं. उरले एकशे छत्तीस चौरस फूट. चाळीस वकिलांत माणशी तीन पूर्णांक चार दशांश. लोवेलने कचेरीच्या जमिनीवर खडूने तेवढा चौकोन काढला आणि त्यात उभा राहून पाहिलं. ब्रीफकेस खाली ठेवली नाही तर मावत होतं.

गाव कामाला लागलं. आर्डिस दोन आठवडे कोणाशी धड बोलली नाही, पण तिने गावातल्या प्रत्येक घराला एकेक पदार्थ वाटून दिला. भट्टीत भाजलेल्या मटण-नूडल सात घरांनी कबूल केल्या, गाजर घातलेली हिरवी जेली नऊ घरांनी. मर्लने चर्चच्या तळघरातल्या खुर्च्या आणायचं पत्करलं, खोलीत खुर्च्या मावणार नाहीत हे सांगूनही.

शनिवारी दहा वाजता पहिली गाडी आली. लोवेल दारात उभा राहून मोजू लागला. सव्वादहाला सात. साडेदहाला एकोणीस. एल्मर स्ट्रँड आला, तुरुंगाची चिंता करणारा आला, विल्मा इतिवृत्ताची वही आणि मखमलीची डबी घेऊन आल्या. पावणेअकराला काळी गाडी थांबली आणि तिच्यातून ठिपक्यांचा बो उतरला.

"हेक्ट साहेब, तुम्ही?"

"सभा आहे ना?" हेक्ट म्हणाले. "मग?"

अकराला खोलीत एकोणचाळीस वकील होते. दोघे खिडकीच्या कट्ट्यावर, एक काचेच्या कपाटाला पाठ लावून, श्वास जपून घेत. टेबलाच्या टोकाला बाई, निळ्या झग्यात, पाठ ताठ. पहाटे चारलाच उठल्या होत्या, असं शेजारीण म्हणाली.

"एकोणचाळीस," अध्यक्ष म्हणाले.

पुन्हा मोजले. एकोणचाळीस. अंगणात उभा राहिलेला एक सापडला म्हणून आनंद झाला, पण तो मर्लचा भाऊ निघाला. एकाने ओसरीवर जाऊन रस्त्यावर दुर्बीण लावली. धुळीचा लोट दिसला. "आला! आला!" सगळे ओरडले. लोट जवळ आला, त्यातून मर्लचा ट्रक निघाला आणि ट्रकमधून साठ खुर्च्या.

अकरा वीस झाले. हेक्ट साहेबांनी घसा साफ केला. "अध्यक्ष महाराज, साडेअकरापर्यंत कोरम झाला नाही तर सभा..."

लोवेलने खाली पाहिलं. अकराशे मैल, पंचवीस सह्या, आणि एक माणूस कमी. बाईंकडे बघायची त्याची छाती होईना.

काठी जमिनीवर आपटली.

"मला मेलेली धरलंय का?" बाई म्हणाल्या.

सगळ्या माना टेबलाच्या टोकाकडे वळल्या.

"एकोणतीस सालची सनद आहे माझी. वर्गणी भरलेली आहे. वीस मिनिटं झाली तुम्हा लोकांना मोजताना, आणि एकाच्याही लक्षात येत नाही? लोवेल, तू तरी!"

"चाळीस," अध्यक्ष घाईघाईने म्हणाले. विल्मांनी लिहून घेतलं. कपाटाजवळच्या माणसाने मोकळा श्वास सोडला, तशा आतल्या बशा वाजल्या.

आता हेक्ट उभे राहिले, म्हणजे उभेच होते, त्यांनी फक्त बोट वर केलं. "अध्यक्ष महाराज, ही वार्षिक सभा आहे. व्होटावाबाई इथे जातीने हजर आहेत. जुन्या नियमाप्रमाणेच त्यांना पदक देता येतं. दुरुस्तीची गरजच उरली नाही."

फेब्रुवारीपासूनचे सगळे मंगळवार लोवेलच्या डोळ्यांपुढून गेले.

"आधी पुढ्यातलं काम," बाई म्हणाल्या. "ठराव मताला टाका. मला त्यावर बोलायचंय."

"बोला, बाई."

"माझा विरोध आहे."

लोवेलने कपाटाचा आधार घेतला.

"ठराव मी वाचला," बाई म्हणाल्या. "शब्द एकशे चौऱ्याऐंशी. लोवेलने सहा लिहिले होते, बाकीचे तुमचे. त्यात लिहिलंय, दोन प्रतिनिधी जातील आणि पदक देतील. म्हणजे हा ठराव आधीच असता, तर आज इथे दोन माणसं आली असती. कॉफी घेतली असती, दहा मिनिटं बसली असती, घड्याळ बघत गेली असती." त्या थांबल्या. "ठराव नव्हता म्हणून एकोणचाळीस आलात. पुढच्या वेळी कोणी पडलं, तर त्याच्याकडेही सगळे जा. दोघांना पाठवायची सोय मी तरी करून ठेवणार नाही. हेक्ट, तू हसू नकोस. गाडी चालवत आलास, पण मत तू इथे येऊनही चुकीच्याच कारणाने देणार आहेस."

मतदान झालं. अध्यक्षांचं मत सोडून बाजूने एकोणीस, विरुद्ध वीस. लोवेलची दुरुस्ती एका मताने पडली, आणि ते मत कोणाचं यात शंका घ्यायला जागा नव्हती.

मग अध्यक्ष टेबलाच्या कडेने आडवे सरकत आले आणि त्यांनी बाईंच्या झग्याला पदक लावलं. जागा नसल्यामुळे टाळ्या कोपरं अंगाशी धरून वाजवाव्या लागल्या. त्या बराच वेळ वाजल्या.

त्यानंतर खिडकीतून ताटं आत यायला लागली. जेलीचा तिसरा घास हेक्ट साहेबांनी कोणी आग्रह न करता घेतला. तुरुंगाची चिंता करणाऱ्याला मर्ल बियाण्यांच्या दरांबद्दल काही तरी समजावत होता. लोवेल गर्दीतून वाट काढत बाईंच्या खुर्चीपाशी पोचला.

"बाई, तुम्ही माझ्याविरुद्ध मत दिलंत."

"ठरावाविरुद्ध दिलं. तुझ्याविरुद्ध द्यायचं असतं तर एकतीस वर्षांत कमी वेळा संधी आली का?" त्यांनी पदक बोटाने जरा सरळ केलं. "तुझ्या नियमावलीत पाहिला होता तो सहा शब्दांचा मसुदा, पेन्सिलीचा. आहे का अजून?"

"आहे."

"छान होता."

तेवढ्यात विल्मा वही घेऊन वाकल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "टॉर्गरसन साहेब, एक राहिलंय. सभा संपवायचा ठराव कोणीच मांडला नाही. कायद्याने ती अजून चालूच आहे. तुम्ही मांडता का?"

"हो, हो," लोवेल म्हणाला आणि घसा साफ करत उभा राहिला.

बाईंनी त्याच्या कोटाची बाही धरली. खोलीत सगळे एकदम बोलत होते, कोणी तरी बाईंना एकतीस सालचा एक खटला आठवतो का म्हणून पलीकडून विचारत होतं, आणि बाईंचा चेहरा लाल झाला होता.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "इतकी कसली घाई आहे?"

लोवेल बसला. विल्मांनी सभा संपल्याची वेळ लिहायची जागा मोकळी सोडली, वही मिटून काखेत धरली आणि एक ताट उचललं.